दाढ आणि सोयरीक

सोयरीक जुळली आणि लगेच माझी दाढ सुजली. गाल एवढा फुगला, की भेटायला आलेल्या होणाऱ्या सासूबाई मला साकोलीला, त्यांच्या ओळखीच्या दातांच्या डॉक्टरकडे घेऊनच निघाल्या. "फोटोत असा गाल घेऊन बसन का माही सून?" म्हणून हसल्या. आईही सोबत निघाली, पण ती हसली नाही.

कारण मला सिकल आहे. आमच्या भागात एवढं म्हटलं की पुरतं, बाहेरच्यांसाठी सांगते. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि हाडं आतून पिळल्यासारखी दुखतात. थंडी, ताप, कुठलंही इन्फेक्शन त्याला पुरतं. कॉलेजात असताना एकदा ऑक्सिजनवर जाऊन आले होते. हे सगळं आईने मुलाकडच्यांपासून लपवलं होतं. "एकदा लगन होऊन जाऊ दे, मंग सांगू," हे तिचं ठरलेलं. मी भांडायचे, ती रडायची, आणि रडण्यापुढे कुणाचं काय चालतं!

डॉक्टरांनी दाढ पाहिली. "पू झालाय, काढावीच लागेल. शुगर, बीपी, सिकल असं काही?"

"काही नाही जी, पोरगी ठणठणीत हाये," आई म्हणाली.

खोलीत एसी होता. माझे गुडघे सकाळपासूनच कुरकुरत होते, आणि ते दुखणं पुढे कुठवर जातं ते मला ठाऊक होतं. बाजूच्या स्टुलावर सासूबाई माझी पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डॉक्टर सुई भरू लागले. मला हे लग्न हवं होतं, अगदी मनापासून. मुलगा वरठीच्या कारखान्यात नोकरीला, कमी बोलणारा, मला आवडलेला. पण मला जगायचंही होतं.

"डॉक्टर, मले सिकल हाये," मी म्हणाले. "फुल."

आजार नुसताच अंगात असेल, त्रास देत नसेल, पण लेकरांत उतरू शकत असेल, तर आमच्याकडे त्याला हाफ म्हणतात. माझ्यासारखीला फुल. आईने डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. "बरं केलं सांगितलं," ते म्हणाले. "इथं नको. सलाईन, ऑक्सिजन, वेळ पडली तर रक्त, सगळं हाताशी पाहिजे. भंडाऱ्याला भरती व्हा, तिथे काढतील." त्यांनी लगेच फोन लावला.

सासूबाई उठल्या आणि पर्स माझ्या हातात दिली. आता त्या आपल्या वाटेने जातील असं वाटलं, पण त्या आमच्यासोबत बसमध्ये चढल्या. खिडकीची काच ओढून घेतली, स्वतःची शाल माझ्या पायांना गुंडाळली. दवाखान्यात नर्स सांगायच्या आधीच कोमट पाणी आणलं आणि घोट घोट पाजत राहिल्या. माझे गुडघे चोळताना त्यांचा हात नेमका दुखऱ्या जागी जायचा. एवढं यांना कसं कळतं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी, सलाईन आणि औषधं चालू असतानाच दाढ काढली. कॉटवर आणून निजवलं तेव्हा सासूबाई पायथ्याशी बसल्या आणि आईकडे वळल्या.

"इहीणबाई, मले एक पोरगीबी होती. ह्याच रोगानं गेली. माह्या पोरात हाफ हाये. आमीबी तुमाले नाही सांगतलं."

दोन्ही घरांनी एकच गोष्ट एकमेकांपासून लपवली होती, आणि दोन्ही घरांत ती लेकरांच्या भल्यासाठी लपवली होती. मला त्या दोघींचा भयंकर राग आला.

"मी नाही करू शकत हे लगन," सासूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. "तुह्यात खोट हाये म्हणून नकार नाही देऊन राह्यली बेटा. हाफ-फुलच्या लेकराले फुल होऊ शकते. उद्या नातू असाच तडफडला, तर मले पुन्हा नाही पाहवणार."

मग त्यांनी माझ्या पायावरची शाल सारखी केली आणि विचारलं, "दुखून राह्यलं का वं लय?"

माझ्या तोंडात कापूस होता, बोलता येत नव्हतं. या बाईने माझी सासू व्हावं असं मला तेव्हा जेवढं वाटलं, तेवढं सोयरीक जुळली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.