मामेसासऱ्यांची क्लॅरिनेट आणि माझी अस्सल पर्स

माझ्या मामेसासऱ्यांच्या घरी गेलेली चामड्याची वस्तू धड परत आल्याचं अख्ख्या नागपुरात कुणी पाहिलेलं नाही. पाहुणे चपला मांडीवर घेऊन चहा पीत. मामाजी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत आणि तिच्या चाव्यांखालच्या इवल्या गोल गाद्या, म्हणजे पॅड, स्वतः कापून बसवत. खाली पुठ्ठा, मग फेल्ट, म्हणजे टोपीची ती दाबीव लोकर, वर पातळ चामडं. फेल्टपायी माझ्या सासऱ्यांची काळी टोपी खलास झाली. ते वर्षभर डोक्याला पंचा गुंडाळून कचेरीत गेले. वरातीला झिल्लीचे, म्हणजे पातळ पापुद्र्याचे पॅड, सूर चकचकीत निघतो. बिदाईला चामड्याचे, सूर मऊ लागतो, असं मामाजींचं शास्त्र होतं.

मी पुण्याची नवी सून. हार्मोनियमची एक परीक्षा पास झालेली, त्यामुळे तानसेनालाही आपल्या खालीच मोजणारी. म्हटलं, "मामाजी, आवाज नळीतून येतो. गादीनं काय फरक पडणार?"

"मंग आज गादी काढून निज वं," मामाजी म्हणाले. "सकाळी सांगजो, फरक पडते का नाही ते."

त्या उन्हाळ्यात त्यांच्या एकुलत्या लेकीचं लग्न निघालं. तिच्या बिदाईला आपणच वाजवायचं, हे ती पाळण्यात असल्यापासून ठरलेलं. नेमके तेव्हाच पॅड उन्हानं तडकले. खालचा सूर लागण्याआधीच हवा पळायची, आणि कलकत्त्याहून मागवलेल्या चामड्याचं पार्सल काही येईना.

मी कर्णाच्या थाटात माझी पर्स पुढे केली. "अस्सल चामडं आहे, मामाजी!" दुकानदारानं मला सांगितलं होतं, मी उरलेल्या नागपूरला. मामाजींनी ती कापली, लाखेनं पॅड बसवले आणि लग्नाच्या आदल्या दुपारी फुंकर मारली. उकाड्यानं पॅड भोकांना चिकटून बसलेले. क्लॅरिनेट रेडकासारखी ओरडली. त्यांनी एक पॅड उपटून हुंगला आणि हळूच म्हणाले, "सूनबाई, हे रेक्झिन आहे वं."

माजघरातून मामींनी विचारलं, "काय झालं हो?"

"काही नाही. माझंच माप चुकलं."

माप चुकल्याचं त्यांनी जन्मात कधी कबूल केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मामाजी मांडवाच्या तोंडाशी कोट घालून, अनवाणी उभे. लग्नासाठी शिवलेल्या कोऱ्या जोड्यांचं आतलं मऊ चामडं क्लॅरिनेटमध्ये गेलं होतं. तापलेल्या जमिनीवर एक पाय टेकवत, दुसरा उचलत वाजवत होते. व्याही खूश. "पाहा, बाप नाचून राहिला!"

मग लेक टांग्यात बसली आणि तो खालचा सूर लागला. पाय थांबले. टांगा स्टेशनाकडे वळेपर्यंत त्यांनी सूर सोडला नाही. क्लॅरिनेट खाली घेतल्यावरही ते रस्त्याकडेच पाहत होते.

"तिच्यापर्यंत पोचला असन काय वं?"

एरवी मी लगेच मत दिलं असतं. त्या दिवशी मी नुसती होकाराची मान हलवली, आणि मामाजी तर माझ्याकडे पाहतही नव्हते.