डिकुलने न खाल्लेला घास

आमच्या बेटावरच्या डिकुलला आता लोक संत म्हणतात. म्हणोत बापडे. माणूस सोन्यासारखा होता, त्यात वादच नाही, पण भोळेपणालाही काही सुमार असतो.

सातव्या वर्षी आईबापांनी त्याला मठात देऊन टाकलं. दीडशे स्तोत्रं तोंडपाठ, तीही गळ्याइतक्या खोल, थंडगार समुद्रात उभं राहून म्हणायचा. बाहेरच्या जगातलं मात्र त्याला ओ की ठो कळत नव्हतं. मरेपर्यंत बेट सोडणार नाही, अशी मठाधिपतींसमोर शपथ घेतलेली, म्हणून तर राजाही त्याचा शब्द खाली पडू देत नसे.

त्याची थोरली बहीण लासार, तिला पलीकडच्या किनाऱ्यावर दिली होती. तिचा नवरा फियाक हा राजाकडे ओलीस होता. भाऊबंदांनीच आपल्या वागणुकीची हमी म्हणून त्याला ठेवलं आणि मग त्या नालायकांनी राजाच्याच गाई पळवल्या! चौथ्या दिवशी सकाळी फियाकला फाशी ठरली. ओलिसासाठी रदबदली करायची तर राजाच्या चुलीपाशी स्वतः जाऊन उभं राहावं लागतं, निरोप चालत नाही.

डिकुलने बेट सोडून राजाकडे जावं, म्हणून लासार आली आणि भावाच्या झोपडीच्या दाराशी उपाशी बसली. आमच्याकडची ही जुनी रीत. दाराशी कोणी उपाशी असताना घरातला जेवला, की तो बांधला गेला. मागितलेलं त्याने द्यायचंच, मग तिथे शपथही आड येत नाही. पण घरातलाही उपाशी राहिला, तर उपासाने उपास फिटतो आणि गाऱ्हाणं संपतं. मुदत तीन दिवसांची. तोवर दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही आणि घरातल्याला कोणी शिकवायचं नाही, नाहीतर धरणं बाद. लासारने सरळ हिशेब केला होता, की भाऊ रोजच्यासारखा दुपारी जेवेल आणि फियाक सुटेल.

पहिल्या दुपारी एर्नान आचारी जवाची भाकरी घेऊन गेला. डिकुलने ती तशीच परत पाठवली.

"ताई दाराशी उपाशी आणि मी जेवू? घशाखाली उतरेल का?"

एर्नानने हे येऊन सांगितलं तेव्हा मठाधिपतींनी कपाळावर हात मारून घेतला. त्यांनाही फियाक सुटायला हवा होता. शिकवता येत नव्हतं, पण ताट पाठवता येत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाकरीवर लोण्याचा गोळा दिला. तिसऱ्या दिवशी मध लावून भाजलेला मासा. अहो, मठात असला मासा बिशपसाठीसुद्धा शिजत नाही! डिकुलला वाटलं, सैतान आपली परीक्षा बघतोय. तो भिंतीकडे तोंड करून रडत प्रार्थना करू लागला.

लासारला राहवलं नाही. तिने तोंडापाशी हात नेऊन घास खाण्याची खूण केली. त्या वेड्याने काय करावं? तिला भूक लागली असं समजून ताट तिच्यापुढे सरकवलं. तिने मान फिरवली आणि पदर तोंडात कोंबला.

सूर्य बुडाला. न्याय सांगणारा म्हातारा सकाळपासून कुंपणाशी बसून होता. तो उठला, उपास सारखे झाले, गाऱ्हाणं संपलं, एवढं सांगून होडीकडे चालू लागला. डिकुल धडपडत बाहेर आला. तीन दिवसांनी त्याचा चेहरा उजळला होता.

"ताई, तुला एकटीला उपाशी नाही ठेवलं मी."

लासारचा आवाज चढला नाही. लहान पोराला सांगावं तशी तिने ती रीत त्याला सांगितली, सुरुवातीपासून. मग म्हणाली, "एक घास खाल्ला असतास तर तो घरी आला असता रे."

डिकुलला समजायला वेळ लागला. समजलं तसा तो गुडघ्यांवरच ताटाकडे गेला आणि गार झालेला मासा काट्यांसकट दोन्ही हातांनी तोंडात कोंबू लागला. ओठ फाटले, रक्त आलं.

"खातोय ताई. बघ ना, खातोय मी. त्यांना बोलाव परत."

कोणाला बोलावणार? होडी केव्हाच दूर गेली होती. लासार भिंतीला धरून उठली. सकाळी फियाकला फासावरून उतरवून घ्यायला कोणीतरी हवं होतं.