न उचलायचा फोन

मी नर्स म्हणून मस्कतला गेले तेव्हा मीरा रोडच्या आमच्या इमारतीत फोन एकच होता. तळमजल्यावरच्या गुजराती बाईंकडे. सगळी इमारत त्यांना बेन म्हणायची. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. लालबागची खोली सोडून आई, दादा, वहिनी आणि मी तिथे राहायला आलो होतो आणि फ्लॅटचे हप्ते फिटावेत म्हणूनच मी परदेशी गेले होते.

फोन कसा करायचा, हा आमच्या हॉस्टेलमधला रोजचा विषय. काही मुली कॅसेटवर बोलून, कुणी सुट्टीवर निघालं की त्याच्याबरोबर ती कॅसेट घरी पाठवायच्या. हॉस्टेलच्या कोपऱ्यावर कार्डाचा फोन होता, पण त्यात कार्ड घातलं की पैसे पाण्यासारखे जायचे. इकडे ‘हॅलो’ म्हणेपर्यंत तिकडे आकडे पळायला लागायचे. त्यात बेनकडे फोन लागला, तर आईला तिसऱ्या मजल्यावरून खाली आणेपर्यंत अर्धं कार्ड संपलेलं असायचं. आईचे गुडघे दुखायचे. ती कठडा धरून उतरतेय हे मला इथून दिसायचं, आणि तिची दया येण्याऐवजी चीड यायची.

शेवटी माझ्या खोलीतल्या मल्याळी मुलीने तिच्या घरची पद्धत सांगितली. ठरलेल्या वेळी घरी फोन लावायचा. घरचं सगळं ठीक असेल तर तो कुणी उचलायचा नाही. पाच वेळा वाजू द्यायचा आणि ठेवून द्यायचा. काही वाईट असेल तरच उचलायचा. न उचललेल्या फोनला पैसे पडत नाहीत.

मी पत्रातून कळवलं. बेनही तयार झाल्या. दर शुक्रवारी दुपारी आई त्यांच्या हॉलमध्ये फोनशेजारी जाऊन बसायची. मी इकडे कानाला रिसिव्हर लावून उभी. घंटा वाजायची, कुणी उचलायचं नाही, आणि माझा आठवडा सुखाचा जायचा.

एकदा मात्र तिसऱ्याच घंटेला फोन उचलला गेला. “काय झालं?” मी ओरडलेच.

“मी उचलला नाहीये गं,” आईचा आवाज आला. “नुसता हात लागला.” आणि तिने घाईघाईने ठेवूनही दिला.

मी त्या फोनच्या डब्याशी एकटीच हसत उभी राहिले. आईचं मी ऐकलेलं हे शेवटचं बोलणं.

पुढे पावसाळा गेला, दिवाळी गेली. शुक्रवार चुकला नाही. आईला लिहिता येत नव्हतं, त्यामुळे पत्रं नेहमीप्रमाणे दादाचीच यायची. आईची तब्येत बरी आहे, पाण्याचा टँकर वेळेवर येत नाही, हप्ता भरला. उन्हाळ्याच्या तोंडावर एका शुक्रवारी मी फोन लावला आणि पहिल्याच घंटेला कुणीतरी उचलला. आवाज तरुण बाईचा होता.

“कौन?”

“मस्कत से. तीसरे माले की आजी की बेटी. आजी को क्या हुआ?”

“आजी?” ती गोंधळली. “वो तो दिवाली के पहले ही गुज़र गईं ना. मैं तो शादी करके अभी आई. मैंने उनको देखा भी नहीं.”

ती बेनची नवी सून होती. मी काही विचारणार तोच कार्ड संपलं.

खोलीतल्या मुलीकडून कार्ड मागून आणलं. परत लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली. बेन तोवर देवळातून घरी आल्या होत्या आणि ‘हा फोन उचलायचा नसतो’ म्हणून त्यांनी सुनेला दटावलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या दुपारी मला एवढंच ऐकू येत होतं की सगळं ठीक आहे.

दुसऱ्या दिवशी मी दादाच्या ऑफिसात फोन केला.

“दादा, आई?”

तो म्हणाला, “तुला कोणी सांगितलं?”

मला रडूच येईना.

“हे बघ,” तो खालच्या आवाजात बोलायला लागला, “एका दिवसात आटोपलं. हाल झाले नाहीत. तुला कळवलं असतं तर तू धावत आली असतीस. कॉन्ट्रॅक्ट मोडलं असतं. मग घराचं काय? आणि येऊन तरी काय केलं असतंस?”

“मी फोन करत होते, दादा. दर शुक्रवारी.”

“हो, ठाऊक आहे ना. बेनना सांगून ठेवलं होतं, उचलू नका म्हणून.”

कॉन्ट्रॅक्ट संपलं, ते पुढे वाढवून मी सुट्टीवर घरी आले. आईची कॉट गेली होती, तिथे वहिनीचं शिलाई मशीन आलं होतं. जिन्यात भेटलेल्या बायका माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होत्या. त्याचं कारण बेनकडे गेल्यावर समजलं. दादाने साऱ्या इमारतीला सांगितलं होतं की मला कळवलंय, पण मी नोकरी सोडून यायला तयार नाही.

“मेरे को लगा,” बेन म्हणाल्या, “माँ की याद में रिंग देती है.”

मी वर जाऊन दादाला हाताला धरून खाली आणलं. म्हटलं, यांच्यासमोर खरं काय ते सांग. त्याने जराही आढेवेढे घेतले नाहीत. हात जोडून म्हणाला, “बेन, इसको बताया नहीं था. परदेस में अकेली लड़की, कैसे सहन करती? लोगों में बात न हो, इसलिए आपसे भी झूठ बोला.”

बेनचे डोळे भरून आले. पण त्या माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघत होत्या. “भाई हो तो ऐसा,” त्या म्हणाल्या आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं. दादा बसला. मीही बसले, कारण उठून जायला दुसरं घर नव्हतं.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट वरच्या मजल्यापर्यंत पोचली. बायका आता माझ्याशी बोलायला लागल्या. भावाला जप म्हणाल्या. वहिनीने रात्री माझ्या ताटात पोळी वाढताना विचारलं, “मग परत कधी जाताय?”

सुट्टी संपायच्या आधीच मी परत गेले. घराचे हप्ते संपेपर्यंत पैसे पाठवत राहिले, आणि पुढे भाईंदरला एका खोलीचं घर घेतलं तेव्हा ते कुणालाच कळवलं नाही. मस्कतला शुक्रवारी दुपारी मुली फोनसाठी रांग लावायच्या. मी त्या वेळेला कपडे धुवायचे.

दादा आता म्हातारा झालाय. लग्नाकार्यात भेटतो, शेजारच्या खुर्चीवर येऊन बसतो, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो. ते आता आईच्या गुडघ्यांसारखेच दुखतात. मी बरे आहेत म्हणून सांगते.