कमानीखालचा भाकरतुकडा

आधीच सांगते, माझ्या अक्षराला हसू नका. चौथीनंतर हातात पेन कमी आणि लाटणं जास्त आलं. ऱ्हस्व-दीर्घ माझ्याकडे पाहुण्यासारखे येतात, त्यांना कुठे बसवायचं ते मला कळत नाही. तर झालं असं, की एका रविवारी मी ऑस्ट्रेलियातली एक शर्यत भाकरीच्या तुकड्याने थांबवली.

माझा स्वभाव तसा अजिबात नाही हो! अनोळखी माणूस समोर आलं की मी स्वेटरची बाही चावत उभी राहते. दुकानात उरलेले पैसे कमी मिळाले तरी "थँक्यू" म्हणून घरी येते.

तेव्हा आम्ही राहतो त्या वेरिबी गावात घरोघरी शिकायला आलेली मुलं उतरली होती. जिथे रिकामी खोली, तिथे दोन सुटकेसा आणि एक प्रेशर कुकर! आमचे हे वेल्डर, मूलबाळ नाही, मागची खोली मोकळी. तिथे सांगलीची रेवती आली. सकाळी युनी, म्हणजे इथलं कॉलेज, संध्याकाळी दुकानात शिफ्ट. मला काकू म्हणायची. मी तिला गरम जेवायला वाढायची, डोक्याला तेल लावायची, ताप आला की उशाशी बसायची. सहा महिन्यांत मी मनातल्या मनात तिचं लग्नसुद्धा ठरवून टाकलं होतं!

मग तिने पळण्याचा क्लब धरला आणि आमच्या घरात जॅनेट शिरली. म्हणजे स्वतः नाही, रेवतीच्या तोंडून. जॅनेट क्लबची कोच. साठीची, काटक, गळ्यात शिट्टी.

"काकू, जॅनेट म्हणते तूप कमी घालायचं."

"काकू, जॅनेट म्हणते रात्री भात नको."

जॅनेटने त्या पोरीचं नावही अर्धं करून टाकलं होतं. रेव्ह! आईबापांनी बारसं करून ठेवलेलं नाव, आणि ही बाई त्यातलं निम्मं खाते!

एकदा रेवती फोनवर मैत्रिणीला म्हणाली, "जॅनेट इज लाइक माय मम हिअर." मला इंग्रजी येत नाही. पण 'मम' येतं. त्या दिवशी आमटीत दोनदा मीठ पडलं आणि मी बटाटा घालून ते सुधारायला गेले नाही.

जुलैत, म्हणजे इथल्या ऐन थंडीत, क्लबच्या दोन दिवसांच्या शर्यती होत्या. गावाबाहेर मेंढ्यांचं कुरण, त्यात गुडघाभर चिखल, आणि त्यातून पळायचं. (चांगला रस्ता शेजारीच होता. कोणी वापरत नव्हतं!) मी यांना म्हटलं, "मलाही न्या."

"तू? तू तर शेजारच्या बारशालाही जात नाहीस!"

"पोरीला भूक लागेल."

शनिवारी मी थर्मासभर चहा आणि डबाभर थालीपीठं घेऊन उभी राहिले. रेवती चिखलाने माखून आली ती सरळ जॅनेटच्या गळ्यात! जॅनेटने टॉवेलने तिचं तोंड पुसलं, पाठ थोपटली, केळं दिलं.

"केळं!" मी यांना म्हटलं. "एक केळं देऊन ती आई झाली?"

"अगं, कोच आहे ती."

"मग कोचासारखी राहा म्हणावं!"

परतताना गाडीत यांनी मला हिशेब समजावला. क्लब पुढे होता. रविवारी रेवती पहिल्या पाचांत आली की चषक आमचा. पोरीला बोलता बोलता झोप लागली होती. मी चषकाचा विचार करत नव्हते, केळ्याला उत्तर काय द्यायचं, याचा करत होते.

पहाटे उत्तर सापडलं. टॉवेल कोणीही देतं, पण बाहेरून दमून आलेल्या लेकरावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतं ते फक्त घरचं माणूस! मी ज्वारीची भाकरी थापली. तांब्या आणि कुंकवाचा करंडा पिशवीत टाकला. यांना काही सांगितलं नाही.

कुरणावर पाहिलं तर शर्यत संपते तिथे दोन खांब आणि वर फुग्यासारखी कमान. म्हणजे दारच की! आणि तुकडा ओवाळायचा तो दाराच्या आत आल्यावर नव्हे, बाहेर. एवढं तर मला पहिलीपासून ठाऊक आहे. मी कमानीच्या दोन पावलं अलीकडे जाऊन उभी राहिले. चौघी मला चुकवून आत गेल्या, आणि पाचवी रेवती!

पलीकडून जॅनेट ओरडत होती, "गो, रेव्ह, गो!"

मी हात वर केला. "थांब!"

आणि पोरगी थांबली! मी रोज मागच्या दारात तिला अशीच थांबवायची, चिखलाचे पाय धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. सवयीने बिचारीने बूट जुळवले आणि मान खाली घातली.

"काकू, लवकर... अजून रेस..."

"हलू नकोस. दृष्ट लागते."

तुकडा ओवाळला, टाकला. डोळ्यांना पाणी लावलं. तेवढ्यात तिघी पुढे गेल्या. पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं, आणखी चौघी. मागून आलेल्या एका उंच गोऱ्या मुलीला वाटलं हा शर्यतीचाच नियम आहे. तीही थांबली आणि कपाळ पुढे केलं! आता समोर आलेल्या पोरीला नाही कसं म्हणायचं? तिलाही कुंकू लावलं. तिच्यामागे दोघी रांगेत!

जॅनेट शिट्टी फुंकत धावत आली, माझ्या तांब्याच्या पाण्यावर तिचा पाय घसरला, तिने आधाराला मला धरलं आणि आम्ही दोघी चिखलात बसलो. खोटं कशाला बोलू, ती आधी पडली याचा मला आनंद झाला.

या गोंधळात आणखी सात जणी निघून गेल्या आणि रेवती एकोणिसावी आली. चषक दुसऱ्या क्लबने नेला.

पिवळं जाकीट घातलेला एक साहेब तरातरा आला. "हू इज धिस लेडी?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी बाही चावायला गेले, तर तोंडात चिखल आला. रेवतीने माझ्याकडे पाहिलं, जॅनेटकडे पाहिलं. कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत ओघळलेलं. तिने माझा हात धरून मला उठवलं आणि म्हणाली, "शी इज माय मम."

मग तो साहेब आणि जॅनेट दोघं मिळून माझ्यावर सुटले. बोटं नाचवत, पाय आपटत, बराच वेळ.

हे कानाशी येऊन म्हणाले, "अगं, ते तुला बोलतायत! मान काय डोलावतेस?"

"बोलू दे," मी म्हटलं, "मुलीच्या आईलाच बोलतायत ना?"

आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला मी हसून "थँक्यू, थँक्यू" म्हणत राहिले.