खालच्या डब्यातला निकाल

आमच्या ऑफिसात बग सापडला की तक्रार लिहितात, दुरुस्त झाला की बंद करतात. तो शोधताना कोण कोणाला काय बोललं, हे मात्र कुणीच नोंदवत नाही. ते सगळं माझ्या डोक्यात साचतं. आमचे साळवे सर म्हणतात, "तुझी मेमरी कधीतरी क्लिअर कर." मी कशाला करू?

पुंडलिकनगरात एका मेडिकलच्या वर आमचं ऑफिस आहे. दवाखान्यांसाठी, दुकानांसाठी वेब अ‍ॅप बनवतो. तारखेचा चौकोन, यादी, बटण हे सगळं ब्राउझर आयतं देतो. पण आमच्या नदीमला आयतं चालत नाही. त्याला प्रत्येक गोष्ट स्वतःच्या हातानं घडवलेली, म्हणजे कस्टम कंट्रोल, पाहिजे. तो घडवतो आणि मग ते का चालत नाही, हे आम्ही दोघं मिळून शोधतो.

*

त्याचं पहिलं कॅलेंडर गंगापूरच्या एका दवाखान्यात लागलं. दिसायला देखणं. पण ते आजच्या महिन्यावर उघडायचं आणि मागं जायचं तर एकेक महिना बाण दाबत जायचं. वर्ष निवडायची सोयच नदीमनं ठेवली नव्हती.

आम्ही तिथं बसलेलो असतानाच एक आजोबा आले. त्यांनी जन्मसाल सांगितलं आणि रिसेप्शनवरची मुलगी बाण दाबायला लागली. दाबतेय, दाबतेय. मागं रांग वाढली. शेवटी आजोबाच म्हणाले, "बाई, कुठवर आलीस?"

"पंच्याहत्तर सालापर्यंत, बाबा."

"म्हंजी मी पन्नाशीचा झालो. मंग बस कर. तेवढाच ऱ्हाऊ दे मला, लई बरं वाटतंय."

*

त्या दिवशी नदीमनं टॅबलेट घरी नेला आणि अम्मीच्या हातात दिला. गुलमंडीजवळच्या गल्लीत हे मायलेक दोघंच राहतात. बहीण लग्न होऊन जालन्याला गेलेली. अम्मी पूर्वी कपडे शिवायच्या. हात थरथरायला लागले तसं मशीन बंद झालं, आणि रिकामं बसणं त्यांना सोसत नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडं पद्धत पडली. नवं कंट्रोल आधी अम्मीकडं जातं. घरी त्या अवाक्षर काढत नाहीत. "दफ्तर की बात दफ्तर में," म्हणतात. निकाल दुसऱ्या दिवशी नदीमच्या जेवणाच्या डब्यातून येतो. सगळ्यात खालच्या डब्यात गोड असलं तर पास. रिकामा, तर नापास. साळवे सर त्या डब्यात डोकावल्याशिवाय क्लायंटला काहीही देत नाहीत.

पत्त्यात गाव निवडायच्या यादीला मात्र अम्मींनी घरातच तोंड उघडलं होतं. यादी सरकवायला बोट लावलं की ती पटकन मिटायची. बोट यादीवरच होतं, पण आमचा कोड समजायचा की माणसानं बाहेर कुठंतरी हात लावलाय. अम्मी वैतागून म्हणाल्या, "पकडने गए तो भागती. यादी है की मुर्गी?"

आमच्या ऑफिसात त्या यादीचं नाव अजून मुर्गीच आहे.

*

एकदा गुलमंडीतल्या कापड दुकानाच्या अ‍ॅपसाठी नग वाढवायचं बटण केलं होतं. दुसऱ्या दिवशी खालच्या डब्यात जर्दा, म्हणजे केशरी गोड भात, काजू-बदाम घातलेला. एवढं भारी गोड आजवर आलं नव्हतं. सर खूश. जेवणाआधीच अ‍ॅप चालू केलं.

संध्याकाळी दुकानाच्या शेठचा फोन आला. "साहेब, गिऱ्हाईक एकच पैठणी मागतंय अन् तुमचं बटण दोन देतंय. ते आमच्याच बाजूनं हाय म्हना, पन बरं दिसत नाय."

बटण बोटाचा स्पर्शही मोजत होतं आणि त्याच स्पर्शाचा क्लिकही. आम्ही ते दुहेरी मोजणं काढलं. पण अम्मींना हे सापडलं कसं नाही? नदीमनं घरी विचारलं. टॅबलेट उघडलेलाच नव्हता. जालन्याच्या नातीची मंगनी, म्हणजे साखरपुडा, ठरली होती, त्याचा जर्दा होता.

आता डबा उघडला की सर आधी विचारतात, "खुशीचं आहे की पासचं?"

*

यंदा नदीमला पुण्याच्या कंपनीचं बोलावणं आलं. मोठं काम, त्याला आवडेल असं. पण अम्मी पुण्याला यायला तयार नाहीत आणि त्यांचे हात आता जास्तच थरथरतात. फोन लावायला गेलं की भलतंच दाबलं जातं. त्या एकट्या राहिल्या तर नदीमला बोलावणार कसं?

म्हणून त्यानं एक पान केलं. त्यावर एकच मोठं बटण. दाबलं की नदीमला फोन. पण थरथरत्या बोटानं एकदा दाबलेलं पाचदा पोचायचं, नाहीतर बोट घसरून रद्द व्हायचं. ते तपासायला आम्ही सगळे मुद्दाम हात थरथरवत बसायचो. एक क्लायंट दारात आला, सरांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "एसी लई वाढवलाय का हो?"

आम्ही हसलो. नदीम हसला नाही.

शेवटी त्यानं कोड असा बदलला की बोट पहिल्यांदा जिथं टेकेल तेच धरायचं, पुढची थरथर मोजायचीच नाही.

*

पुण्याला होकार शुक्रवारी कळवायचा होता. गुरुवारी नदीम एका दिवसासाठी तिथली जागा बघायला गेला आणि टॅबलेट घेऊन अम्मीकडं मी गेले. त्यांनी मला आधी चहा दिला, मग पदराला हात पुसले आणि बटणावर बोट ठेवलं.

पहिल्यांदा दाबताच पुण्यात फोन वाजला.

"खाना खाया?" अम्मींनी विचारलं. ठेवला. पुन्हा दाबलं, पुन्हा लागला. "पानी उबाल के पी." तिसऱ्यांदा दाबलं, तिसऱ्यांदाही नीट लागला. त्या नुसतं त्याचं हॅलो हॅलो ऐकत राहिल्या. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. आमच्या ऑफिसात एवढं चोख चाललेलं दुसरं कंट्रोल मला आठवत नाही.

शुक्रवारी जेवायला आम्ही सगळे नदीमच्या टेबलाभोवती जमलो. वरच्या डब्यात पोळ्या, मग खट्टी दाळ, मग भात. त्यानं खालचा डबा काढला.

धुऊन पुसून ठेवलेला. रिकामा.

"अरे, पण काल माझ्यासमोर..." मी म्हणाले. सरांनी माझ्या हातावर हात ठेवला.

नदीमनं झाकण लावलं, फोन उचलला आणि पुण्याचा नंबर लावला.

"सॉरी सर," तो म्हणाला, "नहीं आ सकता. टेस्टिंग में फेल हो गया."