आनंदरावांचा पायगुण

तलावाची पाळ अर्धी सरली तेव्हा आनंदरावांनी चपला काढून हातात घेतल्या.

"सानगडीचा फाटा अजून लांब हाय," ते म्हणाले. "फुकट झिजवायच्या कायले?"

मागे गावात मुलींच्या कबड्डीची सेमीफायनल सुरू होती आणि ती जिंकावी म्हणून आनंदरावांना फाट्यावर धाडलं होतं. ते खरंच जातात की वाटेत कुठं बसतात, हे पाहायला गावच्या क्रीडा मंडळानं रीनाला सोबत दिलं होतं. रीना शेजारघरची सून. रोज पहाटे वंदना घेते, पंचशील म्हणते आणि खोटं बोलत नाही, हे गावाला ठाऊक. म्हणून ही कामगिरी तिच्याच गळ्यात.

गावातली कबड्डी म्हणजे आनंदराव मेश्रामांचंच काम. शाळेमागची बरड जागा त्यांनी स्वतः कुदळीनं सारखी केली. पोरींना खेळू द्या म्हणून दारोदार तेच भांडले. पण पहिल्या स्पर्धेत ते पुढच्या रांगेत बसले आणि मुली हरल्या. दुसऱ्या वर्षी सगळ्यांत मागं बसले, तरी हरल्या. तिसऱ्या वर्षी त्यांना मलेरिया झाला आणि मुली ढाल घेऊन आल्या. मंडळाचे अध्यक्ष कृष्णराव ती ढाल घेऊन त्यांच्या खाटेशी गेले आणि कळवळून म्हणाले, "घाईनं बरे होऊ नका जी."

तेव्हापासून सामना असला की आनंदराव गावाबाहेर. त्यांची स्वतःची लेक प्रतिक्षा संघाची पहिली चढाई करणारी, पण तिची एकही चढाई बापानं पाहिलेली नाही.

"काकाजी, तुम्ही मानता हे?" रीनानं विचारलं.

"मी? मी विहारात उभा राहून अंधश्रद्धेवर भाषण देतो वो बाई."

"मग काहून जाऊन राहिले?"

"मले नाही पटत, पन पोरीयले पटते न. चढाईले जाताना त्यायच्या मनात माझं तोंड नको."

पाण्यावरून लाउडस्पीकरचा आवाज स्वच्छ येत होता. हाफटाइम झाला. गावच्या मुली बऱ्याच मागं पडल्या होत्या. मग माइकवर कृष्णराव आले.

"आनंदराव मेश्राम जिथं कुठं असतील, त्यांनी कृपया अजून पुढं सरकावं."

मैदानभर हसू उठलं, तेही ऐकू आलं.

"आता काय गोसीखुर्दच्या धरणात जाऊ?" आनंदराव म्हणाले. पण पाय मात्र थांबले. "हारल्या तं आजच संपलं, बाई. सोमवारी प्रतिक्षा पोलीस ट्रेनिंगले चालली. मंग मी काय पाहीन?"

रस्ता तलावाला वळसा घालून पुढं जात होता, पण कापलेल्या धानाच्या बांध्यांपलीकडे मैदान समोरच दिसत होतं. आनंदराव पाळ उतरले.

"काकाजी, तुमच्यामुळं हरल्या तर?"

"हारूनच तं राहिल्या. माझा पायगुण याच्यावर अजून काय करन?"

मैदानाच्या कडेला मळलेल्या धानाच्या तणसीचा मोठा ढीग होता. त्याच्या आड दोघं उभे राहिले. रीना मनातल्या मनात त्रिशरण म्हणत होती. तोंडातून आवाज निघू नये म्हणून आनंदरावांनी मूठभर तणीस दातांत धरली होती. प्रतिक्षानं एकीला बाद केलं, मग दोघींना. प्रत्येक वेळी ते नवी मूठ घेत.

शेवटच्या चढाईला प्रतिक्षाचा घोटा धरला गेला. ती पालथी पडली, दोघीतिघी अंगावर आल्या. धुळीतून तिचा हात तेवढा सरपटत आला आणि रेषेला लागला. शिट्टी वाजली. मुली एका गुणानं जिंकल्या. आनंदराव तणसीत तोंड खुपसून तसेच राहिले. खांदे हलत होते.

माइकवर कृष्णराव म्हणाले, "आनंदराव फाट्यावर पोचलेले दिसतात. मंडळातर्फे त्यांचे आभार."

"आता जाऊन सांगा त्यांना," रीना म्हणाली. "पुसला की तुमचा डाग."

आनंदरावांनी डोक्यातल्या काड्या झटकल्या. "उद्या फायनल हाय. आज सांगितलं तं एक पोरगी झोपनार नाही. त्यायचा भरोसा काढून घेऊ काय?" मग ते म्हणाले, "पन कृष्णराव तुलेच विचारन. तुले खोटं बोलता येत नाही."

"नाही येत, काकाजी."

त्यांनी एकदा मैदानाकडे पाहिलं, खाली बसून चपला पायांत घातल्या आणि उठले.

"मंग एवढं कर वो बाई. चाल, आता फाट्यापर्यंत खरंच जाऊन येऊ."