ट्रेलरातला मुक्काम

सीटवाल्या काकू म्हणजे हाताची पक्की बाई. घराच्या पुढच्या खोलीत बसून गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. जाड रेग्झिनवर तिचं मशीन असं धडधडायचं, की दारात येऊन कोणी बोंबललं तरी हिला पत्ता नसायचा. आणि तिच्या नवऱ्याला सगळी गल्ली पॉलिश म्हणायची. का, तर कधीही बघा, हातात फडकं आणि फडक्याखाली गाडी.

आता गाडी म्हणजे हल्लीचं डबडं नव्हे हं. जुनी, लांबलचक, नाक पुढे काढलेली, दुधाच्या सायीच्या रंगाची. नवराबायकोनंच ती उभी केली होती. सापडली तेव्हा एका माणसाच्या परसात पडून होती, आणि आत कोंबड्या. मागच्या सीटवर अंडी घालायच्या मेल्या! पॉलिशनं इंजिन जागं केलं, पत्रा ठोकून सरळ केला, तिनं आतलं सगळं नव्यानं शिवलं. मग लोक लग्नाला, फोटोला ती भाड्यानं मागायला लागले. वाटेत धूळ नको, ओरखडा नको, म्हणून पॉलिशनं तिच्यासाठी बंद ट्रेलर घेतला. चारी बाजूंनी पत्रा, वर छप्पर, मागचं दार खाली पाडलं की त्यावरून गाडी आत चढायची. मग तो ट्रेलर टेम्पोला जोडायचा आणि निघायचं. काकू म्हणायची, "बरं आहे बाई, मी पायी आणि ही बाईसाहेब पालखीत."

सगळं सुरळीत चाललं होतं. अन् मग पलीकडच्या गल्लीतल्या बँडवाल्यांचा ट्रेलर चोरीला गेला. ढोल, कर्णे, कपडे, सगळं आत. भर दुपारी कोणीतरी आलं, आपल्या गाडीला जोडला आणि घेऊन गेलं. एका म्हाताऱ्यानं तर गाडी मागे घ्यायला हात दाखवून मदतसुद्धा केली. त्याला वाटलं, त्यांचाच माणूस असेल.

पॉलिशनं हे ऐकलं मात्र, त्या दिवसापासून अंथरूण-पांघरूण घेऊन स्वारी ट्रेलरात. जेवायला घरात यायचा तोसुद्धा एक डोळा खिडकीबाहेर ठेवून. पुढे पुढे ताटही तिकडेच मागवायला लागला.

"सवत आणलीत ते आणलीत," काकू म्हणाली, "आता राहायलाही तिच्याकडेच?"

"अगं, थोडे दिवस. चोर पकडले जाईपर्यंत."

चोर काही पकडले गेले नाहीत. आणि काकूची थट्टा हळूहळू आटली, कारण मधल्या काळात लेक बाळंत झाली. लेक राहायची दुसऱ्या गावी. मुलगी झाली, पहिलं नातवंड! काकू एकटीच जाऊन आली. पॉलिशनं फोटो बघितला, डोळे पुसले, फोटो ट्रेलरच्या भिंतीला चिकटवला, आणि म्हणाला, "गाडी एकटी टाकून कसा येऊ? ट्रेलर घेऊनच गेलो तर?"

"तिची गल्ली बघितलीय ना? समोरून माणूस आला तर पोट आत घ्यावं लागतं. तिथे तुमचा महाल उभा करणार?"

मग एक दिवस लेकीचा फोन आला. "आई, ही पालथी पडायला लागली. बाबांना सांग, आता एकदम लग्नालाच या तिच्या."

काकूनं फोन ठेवला आणि मशीन बंद केलं. मनाशी म्हणाली, आता पुरे झालं. या माणसाला पहाऱ्यावरून उठवायचा तर पहाऱ्याची जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात घालायला हवी. तिनं चोरीचा विमा उतरवायचं ठरवलं.

विमा कंपनीची पोरगी बघायला आली. तरतरीत होती, आणि हसरीही. आधीच म्हणाली, "काकू, ट्रेलरचा विमा वेगळा आणि आतल्या मालाचा वेगळा हं. तुमच्या त्या बँडवाल्यांनी नुसत्या ट्रेलरचा उतरवला होता. पत्र्याची भरपाई मिळाली, ढोलांची नाही."

"दोन्हीचा उतरव बाई."

"आत काय काय असतं?"

"गाडी, जादाचं चाक, अवजारं आणि नवरा," काकू म्हणाली. "नवरा नाही धरलास तरी चालेल, त्याला कोण नेतंय?"

पोरगी हसली. तिला वाटलं, गंमत आहे. मग तिनं दार पाडलं आणि बघतच राहिली. गाडीच्या टपावर उशी. आरशाला टांगलेला टॉवेल. खिळ्याला मोजे वाळत घातलेले. कोपऱ्यात स्टोव्ह, त्यावर चहाचं भांडं. आणि मागच्या सीटवर पॉलिश, पाय पसरून, भिंतीवरच्या फोटोकडे बघत.

"काका, तुम्ही इथे राहता?"

"छे छे. पहारा देतो."

"स्टोव्ह पेटवून? पेट्रोलच्या गाडीशेजारी?"

"चहापुरताच गं."

"मग मला काही करता येणार नाही. हा माल न्यायचा ट्रेलर आहे. आत माणूस राहत असेल, वर आग असेल, तर कंपनी विमा देत नाही."

"अरे वा! मी आत आहे म्हणूनच तर चोरी होत नाही!"

"आणि तुमच्यासकट नेला तर? मग आम्ही त्याला चोरी म्हणायचं की पळवून नेलं म्हणायचं?"

"यांच्यासकट नेला तर सकाळी परत आणून सोडतील," काकू म्हणाली. "घोरणं ऐकलंयस का तू?"

पोरगीनं काय हवं ते सांगितलं. आतलं बिऱ्हाड बाहेर, ट्रेलर फाटकाच्या आत. जिथे तो टेम्पोला जोडतात त्या कडीला कुलूप, चाकाला लोखंडी खोडा. म्हणजे कोणी आलंच तरी जोडता यायचा नाही आणि ओढताही यायचा नाही. एवढं करा, उद्या येऊन सही करते, म्हणाली.

पॉलिश हलेना. खाली बघत म्हणाला, "पोरी, खरं सांग. गेली तर तू गाडी परत देशील?"

तिनं खोटं सांगितलं नाही. "नाही काका. पैसे देऊ. गाडी नाही देता येत."

"बघ!" तो बायकोला म्हणाला. "मग काय करायचाय विमा?"

तेव्हा काकू आत चढली आणि त्याच्या शेजारी, स्वतः शिवलेल्या सीटवर बसली. "अहो, ही काय आकाशातून पडली होती का? कोंबड्या हाकलून आपणच केली ना? गेली तर जाईल. रडू दोन दिवस. त्या पैशात दुसरं खुराडं शोधू, तुम्ही पत्रा ठोका, मी शिवते. पण तिकडे पोर पालथी पडली, ती तुम्ही बघितली नाहीत. ते कुठून भरून आणणार?"

 पॉलिश उठला आणि खिळ्यावरचे मोजे काढले.

बिऱ्हाड बाहेर निघालं तशी गल्ली गोळा झाली. उशी, गादी, स्टोव्ह, टॉवेल, बादली. शेजारीण म्हणाली, "काय काकू, नवा भाडेकरू?"

"जुनाच. हाकलत होते कधीची."

दुसऱ्या दिवशी कुलूप लागलं, खोडा बसला, सही झाली. पोरगीनं खोड्याला लाथ घालून बघितली, तर तिचाच अंगठा दुखावला. पॉलिश भलताच खूश झाला.

आणि निघाला हो, काकूबरोबर लेकीकडे! सबंध रस्ता मागे वळून बघत होता, पण लेकीच्या घरी पोर मांडीवर घेतली आणि याची टकळी सुरू झाली. ही अशी बघते, ही अशी जांभई देते, हिचे कान माझ्यासारखे. जसं काही बाकीच्यांना डोळेच नव्हते. दोन दिवसांसाठी आलेला माणूस हलायचं नाव घेईना. काकूची कव्हरं तुंबली होती, ती एकटीच परत आली.

संध्याकाळी त्याचा फोन. काकू फोन घेऊनच बाहेर गेली, ट्रेलरपाशी. आता विचारेल, कुलूप बघितलंस का, खोडा जागेवर आहे का.

"अगं, ऐकतेस ना? आज दुसऱ्या कुशीवरनंही पालथी पडली! स्वतःची स्वतः! मी समोरच होतो."

"हो का?"

"आधी हात अडकला अंगाखाली. मी म्हटलं काढू का, तर लेक ओरडली, बाबा, हात लावू नका. मग बघ, काय केलं असेल तिनं?"

"काय केलं?" काकू म्हणाली, आणि ट्रेलरला पाठ टेकून तिथेच खाली बसली.